पावसाळ्यात आरसीसीबी सारखा पडतो, म्हणून काढून टाकावा का?

पत्र: नमस्कार. मी नागपूरला त्रिमूर्तीनगरात राहते. माझं माहेर देवगड तालुक्यातल्या समुद्राकाठच्या एका वाडीत आहे. घर जांभ्याचं, कौलारू. वायरिंग आप्पांनी चाळीसेक वर्षांपूर्वी करून घेतलेलं. आता तिथे आई-आप्पा दोघंच असतात. गेल्या वर्षी ठाण्याच्या भावाने मेन बोर्डात आरसीसीबी (वीज गळाली की आपोआप लाइन तोडणारा स्विच) बसवून घेतला. पाऊस लागला तसा तो दिवसातून तीन-तीनदा पडायला लागला. गावातल्या वायरमनने 'इथे हवेला ओल असते, हे इकडे चालत नाही' असं सांगून त्याला वगळून लाइन सरळ जोडून दिली. तेव्हापासून लाइट जात नाही, पण ओल्या हाताने फ्रिजला शिवलं की झिणझिण्या येतात. आप्पा म्हणतात, स्लीपर घालून शिवा. मे महिन्यात आम्ही जाणार आहोत, पन्नास हजार रुपये बाजूला काढलेत. भावाला एसी घ्यायचा आहे आणि सगळे बोर्ड मॉड्युलर करायचे आहेत. आप्पा भिंती फोडू देणार नाहीत. आमच्याकडे नागपूरला काम करणारा इलेक्ट्रिशियन मुलगा फार चांगला आहे, त्याला सोबत न्यावं का? आणि आधी काय करावं?

उत्तर: ताई, मेची तयारी करूच, पण दोन कामं आजची आहेत. आप्पांना फोन करून सांगा की मेन स्विच बंद करा आणि मग फ्रिजचा प्लग काढून ठेवा. आणि ज्या वायरमनने आरसीसीबी वगळला त्यालाच बोलावून तो परत लाइनीत घ्यायला लावा. मासळी ठेवायची चार दिवस पंचाईत होईल, होऊ द्या. झिणझिण्या येतात याचा अर्थ फ्रिजच्या पत्र्यावर वीज येऊन बसली आहे आणि अर्थिंगमधून जमिनीत जायची वाट तिला मिळत नाही. म्हणून ती आईंच्या अंगातून जाते. आज पायात स्लीपर आहे म्हणून झिणझिण्यांवर भागतं. उद्या एक हात फ्रिजला आणि दुसरा नळाला लागला, तर स्लीपरचा काडीचा उपयोग नाही.

आता आरसीसीबीबद्दल जरा सविस्तर, कारण सगळा घोळ तिथे आहे. बोर्डात एमसीबी आहेत म्हणजे शॉकची काळजी मिटली, असं पुष्कळांना वाटतं. एमसीबी वायर वाचवतो. लोड जास्त झाला किंवा शॉर्टसर्किट झालं की तो पडतो. माणसाला शॉक बसताना जेवढी वीज वाहते तेवढीने सोळा अँपिअरचा एमसीबी हलतसुद्धा नाही. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब साधारण २६० मिलिअँपिअर घेतो. त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा करंट छातीतून सेकंदभर गेला, तरी हृदयाचा ताल बिघडून माणूस जाऊ शकतो. आरसीसीबी काय करतो, तर फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला करंट सतत ताडून बघतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणात लाइन तोडतो. घरासाठी ३०चाच घ्यायचा. १०० आणि ३०० मिलिअँपिअरचेही बाजारात मिळतात, पण त्यांच्या भरवशावर माणसाचा जीव सोडता येत नाही. भावाने कोणता बसवला आहे ते त्याच्या तोंडावर छापलेलं असतं, आप्पांना वाचून दाखवायला सांगा.

वायरमन म्हणाला 'हवेला ओल असते'. त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्यामुळेच कोकणात कितीतरी घरांतले आरसीसीबी असे वगळले जातात. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे कण असतात. ते स्विचच्या आत, होल्डरमध्ये, वायरच्या जोडावर बसतात. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, हे पावसाळ्यात मिठाची बरणी बघितलेल्या कुणालाही सांगायला नको. त्या ओल्या थरातून वीज थोडी थोडी गळते. ३०चा आरसीसीबी १५ ते ३० मिलिअँपिअरच्या दरम्यान कुठेही पडू शकतो, त्यामुळे घरभरच्या छोट्या गळत्यांची बेरीज झाली की तो पडणार. इथवर वायरमनचं बरोबर. पण चांगलं वायरिंग मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने) ५०० व्होल्टवर तपासलं तर किमान एक मेगाओम दाखवायला हवं, आणि एक मेगाओममधून २३० व्होल्टला गळणारा करंट पाव मिलिअँपिअरही नसतो. म्हणजे तुमच्या घरात मान्य गळतीच्या निदान साठपट वीज कुठेतरी मुरते आहे. त्यातला एक वाटा फ्रिजवर सापडलाच आहे. बाकीचे शोधायचे सोडून, ते सांगणाऱ्यालाच घरातून काढून टाकलं.

शोधायचं कसं? घरातले सगळे प्लग काढायचे, आरसीसीबी चढवायचा आणि एकेक वस्तू लावत जायचं. जिला लावल्यावर पडतो ती गुन्हेगार. एकही वस्तू न लावता पडत असेल तर दोष वायरिंगमध्ये. तिथे एक मेख असते. साधे सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतात, न्यूट्रल तशीच जोडलेली राहते. न्यूट्रलची वायर कुठे ओल्या भिंतीला किंवा अर्थला टेकली असेल, तर सगळे एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी पडू शकतो. मग वायरमन गोंधळतो आणि 'पीसच खराब आहे' म्हणतो. प्रत्येक सर्किटची न्यूट्रल सोडवून एकेक मेगरने तपासली की दोन-तीन तासांत छडा लागतो. हे काम आप्पांनी स्वतः करायचं नाही.

पत्रात विहिरीच्या पंपाचा उल्लेख नाही, पण वाडी म्हटली की पंप आलाच. माझा पहिला संशय त्याच्यावर. पंपाची केबल माडाच्या बुंध्याला बांधत बांधत विहिरीपर्यंत गेलेली असते, मध्ये कुठेतरी जोड, जोडावर काळी टेप. दमट हवेत त्या टेपचा डिंक एका पावसाळ्यात सुटतो. कपडे वाळत घालायची लोखंडी तार त्या केबलला घासत नाही ना, हेही बघायला सांगा. असेल तर तार काढा, नायलॉनची दोरी बांधा, आजच. दुसरा संशय पडवीतल्या दिव्यावर, तिसरा न्हाणीघरातल्या गिझरवर. पाण्यात सोडायचा हीटिंग रॉड वापरात असेल तर तो सरळ भंगारात द्या.

अर्थिंगचं तर मी गृहीतच धरतो की ते संपलं आहे. चाळीस वर्षांपूर्वी बहुतेक करून जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप किंवा पत्रा, मीठ आणि कोळसा घालून पुरलेला असेल. खारी हवा, वर घातलेलं मीठ, आणि चार महिन्यांचा पाऊस. वरून हिरवी वायर जमिनीत जाताना दिसते, खाली टोकाला काही उरलेलं नसतं. त्यात तुमची जमीन जांभ्याची. जांभा सच्छिद्र, पाणी धरून ठेवत नाही. पावसात भिजतो, उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा होतो, आणि कोरड्या जांभ्यातून वीज सहज जात नाही. नागपूरच्या काळ्या मातीत जे अर्थिंग एका खड्ड्यात उत्तम उतरतं, ते जांभ्यात दोन-तीन रॉड पुरूनही कधी कधी जेमतेम मिळतं.

म्हणून अर्थिंग आणि आरसीसीबी ही जोडी आहे. एकाच्या भरवशावर दुसरा सोडता येत नाही. समजा नवं अर्थिंग केलं आणि ते १० ओहम आलं, जांभ्याच्या मानाने उत्तमच. फ्रिजमध्ये फेज पत्र्याला टेकली तर २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर जमिनीत जाणार. सोळाचा एमसीबी एवढ्याने लगेच पडत नाही, मिनिटं घेतो. तेवढा वेळ पत्रा जिवंत. आरसीसीबी असेल तर तो त्याच क्षणी पडतो, आणि अर्थिंग १० ओहमच्या ऐवजी १०० ओहम आलं तरी पडतो. उलट अर्थिंग नसेल तर आरसीसीबी कुणीतरी हात लावेपर्यंत वाट बघत बसतो.

नव्या अर्थिंगसाठी तांब्याचा मुलामा दिलेला रॉड घ्या, भोवती बेंटोनाइटची (ओल धरून ठेवणाऱ्या मातीची) भर घाला. मीठ घालू नका, ते तुम्हाला हवेतून फुकट मिळतंच आहे. जागा घराच्या भिंतीपासून दीड मीटर तरी लांब, जमीन ओलसर राहते पण पाणी वाहून जात नाही अशी निवडा. झाल्यावर अर्थ टेस्टरने मोजून आकडा कागदावर घ्या, आणि तोही मेमध्ये, कोरड्या जमिनीत. पावसात मोजलेला आकडा नेहमीच छान येतो.

एक गोष्ट मात्र काही केल्या होऊ देऊ नका. झिणझिण्यांवरचा स्वस्त इलाज म्हणून काही जण सॉकेटच्या आतच अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देतात. झिणझिण्या त्या दिवशी थांबतातही. पण खांबावरची न्यूट्रल तुटली, आणि वादळात ती तुटतेच, की घरातल्या प्रत्येक पत्र्याच्या वस्तूवर पूर्ण वीज येते. तुमच्या घरातलं प्रत्येक सॉकेट उघडून हे बघायला सांगा. आरसीसीबी पडण्याचं हेही एक कारण असू शकतं.

आता तुमच्या नागपूरच्या मुलाचं. तो हुशार असेल, पण त्याचा हात वेगळ्या हवेवर बसलेला आहे. आपल्याकडे वैरी म्हणजे ऊन. गच्चीवरच्या वायरचं इन्सुलेशन ४५ डिग्रीत कडक होऊन तडकतं, अर्थिंगचा खड्डा एप्रिलपासून सुकतो, आणि पत्र्याच्या कूलरमध्ये चालू लाइनवर पाणी भरताना दर उन्हाळ्यात कुणीतरी जातं. (कूलरवाल्या नागपूरकरांनो, वर आरसीसीबीबद्दल जे लिहिलं ते तुम्हालाही तंतोतंत लागू आहे. पाणी भरण्याआधी स्विच नव्हे, प्लग काढा.) इथे लोखंडी बॉक्स भिंतीत गाडले तर वीस वर्षं टिकतात. देवगडात तेच दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे टाकतात. शिवाय जुलैच्या रात्री लाइन गेली तर नागपूरहून कोण जाणार? काम तिथल्याच माणसाकडून करून घ्या, पण परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडून, ज्याच्याकडे मेगर आणि अर्थ टेस्टर आहे आणि जो चाचणीचा अहवाल सहीने देतो. कणकवली-देवगडकडे असे ठेकेदार मिळतील. गावातल्या वायरमनला वगळू नका. त्याला ठेकेदाराच्या हाताखाली घ्या आणि कुठली वायर कुठे गेली ते त्याला कळू द्या. रात्री-अपरात्री आप्पांच्या हाकेला तोच येणार आहे. तुमच्या नागपूरच्या मुलाकडून हवं तर सामानाची यादी तपासून घ्या.

भिंती न फोडण्याबाबत मी पूर्णपणे आप्पांच्या बाजूचा आहे. जांभ्याची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यात पाइप गाडला तर ओल पाइपात उतरते आणि वायर कायम दमट राहते. भिंतीवरून पीव्हीसी पाइप किंवा केसिंग-कॅपिंग (वायर झाकणारी झाकणाची पट्टी) न्या. दिसायला जरा उठून दिसेल, पण दोष शोधणं सोपं, बदलणं सोपं, आणि माळ्यावर उंदरांनी कुरतडलेलं लगेच दिसतं. वायर आयएस ६९४ची, आयएसआय छापाची, तांब्याची: दिव्या-पंख्यांना दीड एमएम, सॉकेटना अडीच, गिझर, पंप आणि उद्याच्या एसीला चार. बॉक्स प्लास्टिकचे, बाहेरचे आयपी ६५ (धूळ-पाणी आत न घेणारे). बॉक्समध्ये वायर वरून कधीही घालायची नाही. खालून घ्यायची, आणि आत शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्यायचा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोलाशी ठिबकतं. स्क्रू पितळी. खांबावरून आलेली ॲल्युमिनिअमची तार घरच्या तांब्याच्या वायरला नुसता पीळ देऊन जोडलेली असेल तर तो जोड खाऱ्या हवेत फार लवकर पांढरा पडून जळतो. तिथे दोन्ही धातूंना चालणारा लग (वायरच्या टोकाला बसवायचा जोडतुकडा) लागतो. आणि मीटरशेजारी पडवीत असलेला डीबी (एमसीबी-आरसीसीबींचा मेन बोर्ड) आत माजघरात न्या. पश्चिमेच्या वाऱ्याला तोंड करून ठेवलेल्या आरसीसीबीकडून वेळेवर पडण्याची अपेक्षा कशी करायची?

वादळाचं वेगळं. २०२०च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडला धडकलं तेव्हा तिकडची आणि दापोली-मंडणगडकडची कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती, आणि २०२१च्या मेमध्ये तौक्ते तुमच्याच किनाऱ्याजवळून गेलं. वारा सुटल्यावर दिवे अचानक प्रखर झाले, पंखे जोरात फिरू लागले तर न्यूट्रल गेली असं समजून आधी मेन बंद करायचा, आप्पांना हे पाठ करून द्या. व्होल्टेज वर-खाली झालं की लाइन तोडणारं छोटं उपकरण डीबीत बसतं, ते बसवून घ्या. विजांसाठी एसपीडी मिळतो, पण तो जास्तीची वीज जमिनीत सोडतो, म्हणजे अर्थिंग धड नसेल तर शोभेचा. परतीच्या पावसात आकाश गडगडायला लागलं की टीव्हीचा प्लग आणि डिशची वायर काढून ठेवण्याला अजूनही तोड नाही. घरावरून जाणारी तार पत्र्याला किंवा माडाला घासत असेल तर ते काम महावितरणचं, १९१२वर तक्रार नोंदवा, आणि पाऊस लागायच्या आधी नोंदवा. पडलेल्या तारेजवळ कुणीही जायचं नाही, लाइन गेलेली दिसली तरी. शेजारच्या घरात जनरेटर चालू असेल आणि चेंजओव्हर (घर एका वेळी लाइनीला किंवा जनरेटरलाच जोडणारा स्विच) नसेल, तर तीच तार उलटीकडून जिवंत झालेली असते.

इन्व्हर्टर असेल तर त्याच्या लाइनीला स्वतःचा वेगळा आरसीसीबी द्या. मुख्य आरसीसीबी लाइट असतानाच राखण करतो, बॅटरीवर घर चालू असताना नाही. आणि इन्व्हर्टरची न्यूट्रल घरच्या न्यूट्रलमध्ये मिसळलेली असेल तर विनाकारण ट्रिपिंग होतं, तेही तपासा.

पैशांचं बोलू. पन्नास हजारांत घरभर नवं वायरिंग बहुधा बसणार नाही, आणि बसवायची घाईही नाही. या मेमध्ये घराचा ओला भाग धरा: स्वयंपाकघर, न्हाणीघर, पडवी, पंप. त्याआधी अर्थिंग, नवा डीबी, आणि एकाऐवजी दोन-तीन आरसीसीबी, म्हणजे पंप पडला म्हणून देवघरातला दिवा जाणार नाही. दोन पोलचा चांगला आरसीसीबी दोन-अडीच हजारांच्या आसपास मिळतो. घेताना ए टाइप मागा. हल्लीच्या इन्व्हर्टर फ्रिज आणि वॉशिंग मशीनमधली गळती साध्या एसी टाइपला काही वेळा ओळखता येत नाही. माजघर आणि खोल्या पुढच्या वर्षी. फ्रिज मात्र दुरुस्त करून, मेगर लावून, मगच परत लावा. चाळिशी गाठलेल्या सॉकेटात तर नकोच.

आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं बटण असतं. ते दाबलं की तो पडला पाहिजे. खाऱ्या हवेत त्याच्या आतली यंत्रणा चिकटते, म्हणून महिन्याला एकदा दाबायचं. तारीख कुणाच्या लक्षात राहत नाही. समुद्राकाठच्या माणसाला पौर्णिमा बरोबर लक्षात असते, तेव्हा दर पौर्णिमेला आईंनी ते दाबावं. न पडला तर त्याच आठवड्यात बदलायचा. प्रत्येक एमसीबीखाली मराठीत मोठ्या अक्षरांत नावं चिकटवा: पंप, न्हाणी, स्वयंपाकघर. आप्पांना चष्मा शोधत बसावं लागू नये.

भावाचा एसी राहिला. एसीने मंजूर लोड वाढणार, त्यासाठी महावितरणकडे अर्ज करावा लागेल आणि ठेकेदाराचा चाचणी अहवाल जोडावा लागेल. तो अहवाल तुम्ही या मेमध्ये मिळवलेला असेलच. चार एमएमची वायर आणि मोकळा एमसीबी आत्ताच ठेवून द्या, एसी पुढच्या उन्हाळ्यात भावाने त्याच्या पैशांनी घ्यावा. मॉड्युलर प्लेटा त्यानंतर, पैसे उरले तर.